चार पेपर आले कुठून? इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षांची पार्श्वभूमी

लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग. परदेशी शिक्षणासाठी किंवा व्हिसासाठी इंग्रजीची आयेल्ट्स द्या, टोफेल द्या नाहीतर पीटीई, फिरून याच चार गोष्टी समोर येतात. ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की परीक्षा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने घेता येईल हेही चटकन सुचत नाही. पण यातला प्रत्येक भाग भांडून आत आलेला आहे. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा एकच: जे तपासायला हवं ते तपासणं महाग पडतं आणि जे स्वस्तात तपासता येतं ते अपुरं असतं.

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली प्रोफिशियन्सीची परीक्षा सुरू केली, ती आपापल्या देशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परदेशी लोकांसाठी. सगळे पेपर मिळून बारा तास. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर, मग उलट दिशेने भाषांतर आणि त्याच पेपरात व्याकरण, तीन तास इंग्रजी साहित्य, दीड तास उच्चारशास्त्र, दोन तास निबंध. निबंधाच्या विषयांत मॅथ्यू अर्नोल्ड होता, स्थानिक स्वराज्याची वाढ होती आणि चक्क 'इंडियन म्युटिनी'ही होती. हे झाल्यावर श्रुतलेखन, मोठ्याने वाचन आणि परीक्षकाशी संभाषण. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. आज आयेल्ट्समध्ये नऊपैकी साडेसात बँड (गुण) मिळवणारा तरी त्या निबंधापुढे टिकला असता का, शंकाच आहे. तो पेपर इंग्रजी किती येतं यापेक्षा माणूस किती शिकलेला आहे हेच जास्त तपासत होता. उच्चारशास्त्र १९३२ मध्ये गळालं. संभाषण मात्र टिकलं आणि पुढच्या ब्रिटिश परीक्षांमध्येही परीक्षक समोर बसवण्याची सवय कायम राहिली.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बोर्ड या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या संस्थेने १९३० मध्ये एक परीक्षा आणली होती आणि तिच्यात संभाषणही होतं, पण मंदीच्या दिवसांत ती काही वर्षांतच बंद पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांचा ओघ वाढला तसा पुन्हा विचार सुरू झाला. १९६१ मध्ये यासाठी वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली आणि त्याच सुमारास दोन मतं समोरासमोर आली. भाषातज्ज्ञ रॉबर्ट लाडो यांचं म्हणणं असं की भाषेचे सुटे घटक करा आणि ध्वनी, व्याकरण, शब्द एकेक करून तपासा. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल म्हणत होते की तेवढ्याने भागणार नाही. हे सगळं एकत्र वापरून माणूस काम कसं चालवतो तेही बघा. १९६४ साली टोफेल प्रत्यक्षात आली तेव्हा व्यवहारात लाडोंची सरशी झाली होती. पाच विभाग आणि सगळे प्रश्न बहुपर्यायी. हजारो उत्तरपत्रिका यंत्राने तपासायच्या तर दुसरा मार्गही नव्हता म्हणा. लेखन म्हणजे वाक्यातल्या चार अधोरेखित जागांपैकी चूक कुठे आहे ते ओळखायचं. स्वतःचं एक वाक्यही न लिहिता 'लेखनक्षमता' सिद्ध व्हायची!

व्हायचं तेच झालं. स्कोअर भरघोस, पण वर्गात तोंड उघडेना, अशा विद्यार्थ्यांच्या तक्रारी विद्यापीठांकडून येऊ लागल्या. त्यावर ठिगळं लावली गेली: १९७९ मध्ये बोलण्याची वेगळी चाचणी, १९८६ मध्ये अर्ध्या तासाचा निबंध. मूळ परीक्षेचा साचा खऱ्या अर्थाने बदलला तो २००५ मध्ये, इंटरनेटवरच्या टोफेलने. व्याकरणाचा स्वतंत्र विभाग गेला, बोलणं सक्तीचं झालं आणि एकत्रित प्रश्न आले. त्यातला लेखनाचा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आधी एक उतारा वाचायचा, मग तो खोडून काढणारं व्याख्यान ऐकायचं आणि प्राध्यापकांनी लेखकाचा मुद्दा कुठे व कसा पाडला ते लिहायचं. विद्यापीठात पहिल्या आठवड्यापासून हेच तर करावं लागतं. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, कॅरल यांचं म्हणणं कागदावर उतरलं.

ब्रिटनमध्ये वाद निराळा होता. १९८० मध्ये तिथे आलेल्या ईएलटीएस (इंग्लिश लँग्वेज टेस्टिंग सर्व्हिस) परीक्षेमागचा विचार असा की डॉक्टरला लागणारं इंग्रजी वेगळं आणि अभियंत्याला लागणारं वेगळं. म्हणून जीवशास्त्र, वैद्यक, तंत्रज्ञान, समाजशास्त्र वगैरे पाच शाखा आणि सहावी सर्वसाधारण, असे सहा पर्याय ठेवले. ऐकायला रास्त वाटतं. पण नगररचना शिकायला निघालेल्याने समाजशास्त्र घ्यायचं की तंत्रज्ञान? शिवाय उमेदवाराला विषय येतो म्हणून उत्तर आलं की इंग्रजी येतं म्हणून, हे वेगळं काढायचं कसं? सहा पेपर एकसारखे अवघड ठेवणं हीसुद्धा डोकेदुखीच. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाची आयडीपी ही शिक्षणसंस्था सामील झाली, नावात 'इंटरनॅशनल' आलं, आयेल्ट्स जन्मली आणि सहाचे तीन झाले. १९९५ मध्ये तिन्हींचा एकच अ‍ॅकॅडेमिक पेपर झाला, सोबत नोकरी-स्थलांतर वगैरेंसाठीचा जनरल ट्रेनिंग. आज वाचनात पुरातत्त्व आणि मधमाश्या शेजारी शेजारी दिसतात, त्याचं कारण ही माघार. अकरा ते चौदा मिनिटांची समोरासमोर मुलाखत मात्र आयेल्ट्सने सोडलेली नाही.

गुणांची कथा थोडक्यात. आयेल्ट्सने नऊ बँडची शिडी धरून ठेवली; लेखन आणि बोलण्यात अर्धा बँड २००७ पासून मिळू लागला. टोफेलने कागदावर ६७७, संगणकावर ३०० आणि इंटरनेटवर १२० अशी कमाल बदलत नेली. पास-नापास दोन्हीकडे नाही. किती हवेत ते विद्यापीठ किंवा व्हिसा खातं ठरवतं.

२००९ मध्ये पीटीई अ‍ॅकॅडेमिक आली आणि तिने बोलणं-लिहिणंही यंत्राकडून तपासून घेतलं. खर्च आणि वेळ दोन्ही वाचले. स्पर्धा वाढली तशी टोफेलही आखडत गेली: चार तासांची तीन, मग २०२३ मध्ये दोनाहून कमी. जानेवारी २०२६ पासून तिचं वाचन-ऐकणं उमेदवाराच्या कामगिरीप्रमाणे सोपं-अवघड होतं आणि गुण एक ते सहाच्या पट्टीवर मिळतात. बोलण्यात आता ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं असतं आणि मुलाखतीचे प्रश्न असतात. लेखनात विस्कळीत शब्दांचं वाक्य जुळवायचं, ईमेल लिहायचा, चर्चेत मत मांडायचं. उतारा आणि व्याख्यानाचा तो प्रश्न काढून टाकला आहे.