कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरला घरून जोडताना

सबमिशनचे दिवस आले की नौपाड्यातल्या आमच्या दुकानात एक ठरलेली तक्रार येते: "लॅपटॉप बघा ना, कॉलेजचा सर्व्हर लागत नाही." बहुतेक वेळा लॅपटॉप ठणठणीत असतो. उगाच फेरी पडू नये म्हणून हा कागद छापला आहे. मुलांनी वाचावाच, पण त्यांचा लॅपटॉप काखेत मारून येणाऱ्या आई-बाबांनीही वाचावा.

पहिलं म्हणजे, "लिनक्स टाकून द्या" असं सांगत येऊ नका. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणारी यंत्रणा, कॉलेजच्या मशीनवर आहे, तुम्हाला फक्त तिथवर पोचायचंय. त्यासाठी लागणारा एसएसएच हा प्रोग्राम विंडोज 10 मध्ये 2018 पासून आतच येतो, मॅकमध्ये तर आधीपासून आहे. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी उघडा, एसएसएच लिहा, एक स्पेस द्या. मग युजरनेम, ॲट द रेटचं चिन्ह आणि सर्व्हरचं नाव, सगळं सलग. सरांनी पुटी हा प्रोग्राम वापरायला सांगितलं असेल तर तेही चालेल, काम तेच.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हर अनोळखी आहे, पुढे जायचं का, असं विचारलं जातं. सोबत दिसणारी अक्षरांची लांब माळ ही सर्व्हरची ओळख. लॅबने ती दिली असेल तर ताडून पाहा आणि मग 'येस' पूर्ण लिहा, नुसता वाय चालत नाही. पुढे कधी ही ओळख बदलल्याचा मोठा इशारा आला तर घाईने काही पुसू नका. सर्व्हर नव्याने बसवला असेल, पण ते लॅबमधून कळू द्या.

मग पासवर्ड. मागे एक मुलगी कीबोर्ड बदलून घ्यायला आली होती, म्हणे पासवर्डच्या जागी अक्षरंच उमटत नाहीत. नोटपॅड उघडून दिलं, सगळी बटणं चालत होती. एसएसएचमध्ये पासवर्ड लिहिताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, म्हणजे मागे उभ्या असलेल्याला त्याची लांबीही कळत नाही. न बघता टाइप करा, एंटर दाबा. मुळात एसएसएच जन्मलं तेच पासवर्डच्या चोरीतून: 1995 मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं.

अडलं तर स्क्रीनवरचं वाक्य वाचा, त्यातच उत्तर असतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत. कॉलेजचं व्हीपीएन, म्हणजे घरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय, चालू करायचं राहिलंय का, ते आधी बघा. 'रिफ्यूज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण तिथे दार उघडणारं कुणी नाही, लॅबला कळवा. 'परमिशन डिनाइड' आलं तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय. कॅपिटल-स्मॉल अक्षरं नीट तपासा आणि वीस वेळा ठोकत बसू नका, काही सर्व्हर अशांना थोडा वेळ बाहेर ठेवतात.

फाइल पाठवताना एक गंमत होते. एससीपी ही कमांड आपल्या लॅपटॉपवर द्यायची, सर्व्हरमध्ये शिरल्यावर नाही. आणि सर्व्हरच्या नावापुढचं कोलन विसरलात, तर फाइल कुठेही जात नाही. युजरनेम आणि सर्व्हर जोडून झालेल्या विचित्र नावाची एक कॉपी तुमच्याच फोल्डरमध्ये पडून राहते. असाइनमेंट पाठवली असं समजून निवांत झोपलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. हे झेपत नसेल तर विनएससीपी घ्या, त्यात माउसने फाइल ओढता येते.

लोकलमध्ये काम करणाऱ्यांसाठी: डोंबिवली फास्ट, मोबाइलचा हॉटस्पॉट, प्रोग्राम चालू, आणि मध्येच रेंज गेली की जोडणी तुटते, सोबत बहुधा प्रोग्रामही बंद पडतो. म्हणून सर्व्हरमध्ये शिरल्याबरोबर टीमक्स हा जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम सुरू करा आणि काम त्यात करा. कंट्रोल-बी दाबून मग डी दाबलं की बाहेर पडता येतं, काम आत चालूच राहतं. नंतर 'टीमक्स अटॅच' म्हटलं की जिथे सोडलं तिथे परत. कॉलेजने टीमक्स बसवलेलं नसेल तर 'स्क्रीन' नावाचा तसाच प्रोग्राम आहे का विचारा.

आणि हा सर्व्हर म्हणजे चाळीतला सामाईक नळ आहे. तुमचा न थांबणारा लूप रात्रभर चालला तर बाकीच्यांच्या बादल्या रिकाम्या. 'टॉप' कमांडने आपलं काय चाललंय ते पाहा, नको असलेलं बंद करा. दुसरं असं की काही सर्व्हरवर शेजाऱ्याला तुमचं होम फोल्डर वाचता येतं. त्याला सीएचमॉड या कमांडने 700 परवानगी द्या, म्हणजे ते फक्त तुम्हालाच उघडता येईल, नाहीतर तुमचीच असाइनमेंट दुसऱ्याच्या नावाने जमा झालेली दिसेल आणि कॉपी कुणी केली याची चौकशी दोघांची होईल.

एवढं करूनही नाही जमलं तर या. लॅपटॉप, सर्व्हरचं नाव आणि स्क्रीनवरच्या वाक्याचा फोटो आणा. तेवढं बघून सांगायचे पैसे नाहीत. पासवर्ड मात्र आम्हालाही सांगू नका, तुमचा तुम्हीच टाइप करा, आम्ही तोंड फिरवून उभे राहतो.