स्लाइड स्कॅन केल्यावर आकाश रवाळ का दिसतं?

जुन्या फिल्मच्या स्लाइड आमच्याकडे स्कॅनला देणाऱ्या बऱ्याच जणांचा, स्कॅन हाती पडले की पहिला प्रश्न हाच असतो. प्रोजेक्टरवर निळंशार दिसणारं आकाश कॉम्प्युटरवर रवा भुरभुरल्यासारखं का झालं?

थोडा रवाळपणा फिल्मचाच. रंगीत स्लाइड डेव्हलप झाल्यावर तिच्यात चांदी उरत नाही, उरतात रंगाचे सूक्ष्म ठिपके. कोडाक्रोम ६४ या स्लाइड फिल्ममध्ये ते बारीक असतात, ४०० आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील फिल्मवर ठळक. हा रवाळपणा, म्हणजे ग्रेन, फोटोचाच भाग आहे. पण बराचसा ग्रेन स्कॅन करतानाच वाढतो आणि तिथेच आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

२४ बाय ३६ मिलिमीटरची फ्रेम आम्ही ४००० डीपीआयवर (दर इंचाला ४००० पिक्सेल) स्कॅन करतो आणि मग हव्या त्या आकारात लहान करतो. थेट कमी डीपीआयवर स्कॅन केलं, तर फिल्मचे ठिपके आणि पिक्सेलची जाळी एकमेकांत गुंततात आणि स्लाइडमध्ये नसलेले जाडेभरडे कण उमटतात. स्कॅनरचं शार्पनिंग बंदच ठेवतो, कारण ते आधी ग्रेनलाच धार लावतं. काळपट स्लाइडच्या सावल्यांमध्ये दिसतो तो पुष्कळदा ग्रेन नसतोच, तो स्कॅनरच्या सेन्सरचा नॉइज, म्हणजे सेन्सरनेच मिसळलेले भलते ठिपके असतात. अशी स्लाइड स्कॅनरने अनेकदा वाचून सरासरी घेतली की हा नॉइज निवळतो. खरा ग्रेन मात्र तसाच राहतो.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी, तेही हलक्या हाताने. एका स्लाइडमध्ये सिंहगडाच्या पायऱ्यांवर नऊवारीतल्या आजी होत्या. पूर्ण फोटोवर ग्रेन कमी करणारा फिल्टर चालवला तेव्हा आकाश छान झालं, पण लुगड्याच्या काठाची वीण पुसली गेली आणि चेहरा मेणाचा दिसू लागला. तो स्कॅन आम्ही दिला नाही. मास्क लावून, म्हणजे फिल्टर फक्त आकाशापुरता ठेवून काम पुन्हा केलं.

स्कॅन पाहताना १०० टक्के झूम करून निर्णय घेऊ नका. साध्या मॉनिटरवर तो जवळपास पाच फुटी फोटो जवळून पाहण्यासारखा प्रकार आहे. ८ बाय १२ इंचाची प्रिंट काढून हातात धरून पाहा.

पावसाळ्यातल्या बुरशीचे धागे हा ग्रेन नव्हे. कृपया त्या स्लाइड घरी पुसू नका, आहेत तशाच आणा. पाकिटावर प्रिंटचा आकार आणि कुणाचा चेहरा जपायचा, एवढं मात्र जरूर लिहा.