माक योंग

मलाय द्वीपकल्पाच्या ईशान्येकडील केलांतान राज्यात (मलेशिया) वाढलेला पारंपरिक नृत्यनाट्यप्रकार. शेजारचे तेरेंगानू, दक्षिण थायलंडमधील पट्टनी आणि इंडोनेशियाची रिआऊ बेटे येथेही तो आढळतो. रिआऊकडे काही पात्रे मुखवटे घालतात. नृत्य, गायन आणि अभिनय यांच्या जोडीला आयत्या वेळी सुचणारे संवाद असतात. त्याची मुळे इस्लामपूर्व काळातील मानली जातात. केलांतानच्या राजघराण्याचा आश्रय त्याला 1920 च्या दशकापर्यंत होता, पण मूळचा तो खेड्यापाड्यांतलाच खेळ.

मराठी संगीत नाटकात पुरुष स्त्रीभूमिका करीत, इथे नेमके उलट : ‘पाक योंग’ हा राजा किंवा राजपुत्र परंपरेने स्त्रीच रंगवते. राणी म्हणजे ‘माक योंग’. ‘पेरान’ हे विदूषक मात्र पुरुष असतात. नायिकेच्या, म्हणजे खरे तर नायकाच्या, हाती कामट्यांची एक जुडी असते. पेरान आगाऊपणा करू लागला की ती त्याच्यावर सटकन आपटते; मार थोडा, आवाज फार.

प्रयोगाआधी रंगमंच विधिपूर्वक ‘उघडतात’ आणि नैवेद्य दाखवतात. मग ‘मेंगादाप रेबाब’ हे नृत्य होते. रेबाब हे गजाने वाजवायचे तीन तारांचे वाद्य. वादक पूर्वेला बसतो आणि नर्तकी त्याच्याकडे तोंड करून जमिनीवर बसतात. गाणे संथ असते. हात आणि बोटे हळूहळू वळत जातात, उठून उभे राहणे फार उशिरा येते. साथीला दोन गेंडांग (ढोल) आणि दोन तेतावाक (टांगलेल्या घंटा) असतात. ‘देवा मुडा’सारखे एकच कथानक अनेक रात्री चालते.

‘माइन पुतेरी’ या उपचारविधीशीही माक योंगचे घट्ट नाते आहे. मनात कोंडलेला ‘आंगिन’ (वारा) माणसाला आजारी पाडतो, अशी समजूत आहे. रोग्याला त्याच्या ओढीची भूमिका नाचू दिली की तो वारा मोकळा होतो. ‘तोक पुतेरी’ हा मांत्रिक आणि रेबाब वाजवत त्याला प्रश्न विचारणारा ‘तोक मिंदुक’ हा विधी चालवतात.

ही बाजूच पुढे अडचणीची ठरली. इस्लामविरोधी अंश असल्याचे सांगून केलांतानमधील ‘पास’ या इस्लामी पक्षाच्या सरकारने 1991 मध्ये जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. गावांत खेळ गुपचूप होत राहिले. 2005 मध्ये युनेस्कोने माक योंगला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले, म्हणजे जगाने गौरव केला तेव्हा माहेरी मनाईच होती. 2019 मध्ये बंदी उठली, तीही शरियतचे नियम पाळण्याच्या अटीवर. जिथे स्त्री नायक आणि विधी पाया, तिथे ही अट किरकोळ नाही.

खातिजा आवांग (मृत्यू 2000) या सर्वांत ख्यातनाम कलावंत. ‘सेरी तेमेंगुंग’ हा संच त्यांनीच उभारला. क्वालालंपूरच्या ‘आस्वारा’ या कला अकादमीत माक योंगचे रीतसर शिक्षण मिळते. तिथले प्रयोग मात्र बहुधा बंदिस्त नाट्यगृहात, एका संध्याकाळीत आटोपशीर बसवलेले असतात.