प्लॅस्टिकचा गंधार ऐकणारा कॅमेरा

आमच्या भागातल्या भंगाराच्या गोदामात एक मावशी बाटल्या निवडतात. पारदर्शक बाटली हातात आली की त्या आधी ती उलटी करून तळ बघतात. तळाच्या मधोमध बारीक गोल ठिपका असला तर पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. तळावरून आडवी शिवण गेलेली असली तर बहुधा पीव्हीसी, म्हणजे पाण्याच्या पाइपांचं प्लॅस्टिक. तरीही शंका राहिली तर बाटली दुमडतात. पीव्हीसी असेल तर घडीवर पांढरी रेघ उमटते. हे सगळं दोनेक सेकंदांत होतं, आणि बाटली योग्य ढिगात जाऊन पडते.

हे वेगळं करणं गरजेचंच आहे. पीईटी वितळायला सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअस तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटित व्हायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. या वायूमुळे आजूबाजूचं चांगलं पीईटीही पिवळं आणि ठिसूळ होतं. थोडंसं पीव्हीसी सगळ्या घाण्याची वाट लावतं.

आता हेच काम मोठ्या पुनर्चक्रीकरण कारखान्यात करायचं आहे असं समजा. तिथे पट्टा सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने धावतो. बाटल्या चेपलेल्या असतात, ठिपका आणि शिवण कुठल्या कुठे गेलेली असते. दुमडून बघायला वेळ नाही. नेहमीचा रंगीत कॅमेरा लावून उपयोग होत नाही, कारण त्याला दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

असं का होतं हे कळायला स्वयंपाकघरात जाऊ. एका वाटीत मीठ घ्या, दुसऱ्या वाटीत पिठीसाखर, आणि मोबाइलने फोटो काढा. फोटोत दोन्ही पांढरं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना 1976 साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच आजही बहुतेक रंगीत कॅमेऱ्यांत असते. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवायची आणि शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग ताडायचे. आपल्या डोळ्यातही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, म्हणून माणसाला दाखवायच्या चित्रासाठी ही रचना उत्तम आहे. पण वस्तूवरून आलेल्या प्रकाशात शेकडो तरंगलांबींचा हिशेब असतो आणि आपण त्यातले तीन आकडे ठेवून बाकी सगळं टाकून देतो. मीठ कुठलं आणि साखर कुठली, हे त्या टाकून दिलेल्या भागात लिहिलेलं असतं.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की थोड्या वेळाने तिच्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. तार मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, पाचपट गतीनेही थरथरते आणि त्या पाचव्या कंपनातून तो स्वयंभू गंधार उमटतो. रेणूंचंही तसंच आहे. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध स्प्रिंगसारखा ताणला-आकसला जातो आणि त्याच्या मूळ कंपनाशी जुळणारा, सुमारे 3400 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. हा झाला खर्ज. वरचे स्वर त्याच्या साधारण निम्म्या आणि एक तृतीयांश तरंगलांबीवर, म्हणजे 1700 आणि 1200 नॅनोमीटरच्या आसपास, लागतात. आपली नजर लाल रंगाशी, 700 नॅनोमीटरजवळ, संपते. त्यापलीकडच्या अवरक्त पट्ट्यात हे स्वर असतात.

मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. बंध तोच असला तरी त्याचे शेजारी बदलले की स्वर किंचित सरकतो. पीईटीमध्ये बेंझिनचं कडं आहे, त्यामुळे त्याची खूण 1660 नॅनोमीटरजवळ पडते. पिशव्यांच्या पॉलिथीनची 1730 च्या आसपास. पीव्हीसीमध्ये क्लोरीन शेजारी बसलेला असल्याने त्याची ठेवण आणखी वेगळी. साखरेत ऑक्सिजन-हायड्रोजनचे बंध असतात, म्हणून ती 1440 नॅनोमीटरजवळ प्रकाश गिळते. कोरड्या मिठात असे बंधच नाहीत. त्या तरंगलांबीवर फोटो काढला तर मीठ पांढरं राहील आणि साखर काळपट दिसेल.

मूळ खर्जावरची मोठी नोंद आपल्या ओळखीची आहे. चांद्रयान-1 वर नासाचं जे वर्णपटीय, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारं, उपकरण होतं, त्याने 2800 ते 3000 नॅनोमीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची खूण टिपली आणि 2009 मध्ये चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचं जाहीर झालं. चंद्राच्या कक्षेतून जे तंत्र चालतं, तेच बाटल्यांच्या पट्ट्यावर दीड-दोन मीटर उंचीवरून चालतं.

पण सेन्सर कशाचा करायचा? मोबाइलमधलं सिलिकॉन 1100 नॅनोमीटरपलीकडे आंधळं होतं, कारण तिथल्या प्रकाशकणात सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ऊर्जा नसते. त्यासाठी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड वापरतात. ते 1700 पर्यंत बघतं, पण महाग पडतं: त्याचा थर इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर वाढवावा लागतो आणि मग खालच्या सिलिकॉनच्या परिपथाशी एकेक बिंदू जोडावा लागतो. 2020 साली सोनीने ही जोडणी तांब्याला तांबं भिडवून केलेले सेन्सर आणले. त्यांच्या बिंदूची रुंदी 5 मायक्रॉनवर आली आणि साधा दृश्य प्रकाशही त्याच सेन्सरला दिसू लागला.

आता तरंगलांबी वेगळ्या करायच्या. धावत्या पट्ट्यासाठी रुळलेली पद्धत अशी: कॅमेरा पट्ट्याची एकच आडवी रेघ एका फटीतून बघतो. त्या रेघेचा प्रकाश लोलकासारख्या भागातून फाकतो. सेन्सरची आडवी बाजू जागा सांगते आणि उभी बाजू तरंगलांबी. पट्टा स्वतःच पुढे सरकत असल्यामुळे रेघेमागून रेघ जुळून चित्र पूर्ण होतं. फिनलंडमधल्या औलू शहरातली स्पेसिम कंपनी असे कॅमेरे बनवते. त्यांच्या एका नमुन्यात रेघेवर 640 बिंदू आणि प्रत्येक बिंदूसाठी 224 तरंगपट्टे, म्हणजे तरंगलांबीचे छोटे टप्पे, असतात. सेकंदाला 500 रेघा धरल्या तर दर सेकंदाला सात कोटींवर आकडे होतात, आणि तीन मीटरच्या वेगात दोन रेघांमध्ये पट्टा फक्त 6 मिलिमीटर सरकलेला असतो. तेवढ्यात संगणकाने निर्णय घ्यायचा आणि पट्ट्याच्या टोकाशी हवेच्या फवाऱ्याने नेमका तो तुकडा उडवायचा.

दुसरी पद्धत बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या आयमेक या संशोधन संस्थेने पुढे आणली. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या पापुद्र्यावर रंग दिसतात ना? पापुद्र्याची जाडी बदलते तसा रंग बदलतो. आयमेकने प्रत्येक बिंदूवर दोन अर्धपारदर्शक आरसे आणि मध्ये ठरावीक जाडीची फट अशी गाळणी थेट चिपवर चढवली. फटीत हवा आहे असं धरलं, तर 700 नॅनोमीटर प्रकाश निवडायला ती 350 नॅनोमीटर पुरते. केसाच्या जाडीचा हा सुमारे दोनशेवा भाग. पाच बाय पाच बिंदूंच्या चौकडीत 25 वेगवेगळ्या फटी बसवल्या की एका क्लिकमध्ये 25 तरंगपट्टे मिळतात. किंमत मात्र चुकवावी लागते: चित्राची लांबी आणि रुंदी, दोन्ही पाचपटीने घटतात. 2048 बाय 1088 चा सेन्सर साधारण 409 बाय 217 चा उरतो. जागा, वेळ आणि तरंगपट्टे यांपैकी कशावर तरी पाणी सोडावंच लागतं.

प्रकाशाकडे दुर्लक्ष झालं तर महागडा कॅमेराही फुकट जातो. पांढऱ्या एलईडी दिव्यात अवरक्त जवळपास नसतंच, म्हणून अशा पट्ट्यांवर अजून हॅलोजनचे दिवे तापत असतात. दिवा जुना झाला की त्याचा वर्णपट बदलतो, म्हणून अधूनमधून पांढरी फरशी कॅमेऱ्यापुढे धरून मोजमाप जुळवून घ्यावं लागतं.

आणि दरवेळी 224 तरंगपट्टे लागतातच असं नाही, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. नमुने घेऊन एकदा पूर्ण वर्णपट अभ्यासला की पुष्कळदा कळतं, काम तीन-चार तरंगलांबींवर भागतंय. मग त्याच तरंगलांबींच्या गाळण्या लावून साधा, वेगवान, परवडणारा कॅमेरा करता येतो. लहान उद्योगांसाठी हाच रस्ता खरा आहे.

कॅमेरा फसतोही. ओली बाटली आली की 1450 जवळ पाण्याची खूण उरलेलं झाकते. बाटलीभर दुसऱ्या प्लॅस्टिकचं वेष्टन असेल तर त्याला वेष्टनच दिसतं, कारण तो वरचा थर वाचतो. सर्वांत अवघड असतात काळ्या रंगाच्या जेवणाच्या ट्रे. त्यांचा काळा रंग काजळीसारख्या कार्बनचा असतो आणि तो अवरक्तही गिळून टाकतो. ट्रे पॉलिप्रॉपिलीनची असो वा पीईटीची, सेन्सरच्या चित्रात तिथे नुसतं भोक दिसतं आणि ट्रे निवडली न जाता पुढे निघून जाते. यावर आता कार्बन नसलेली काळी रंगद्रव्यं निघाली आहेत. त्यांनी रंगवलेली ट्रे आपल्याला आधीसारखीच काळी दिसते, पण कॅमेऱ्याला तिचा गंधार ऐकू येतो.