शेन आणि शिएन, दोघांनाही 'देव' म्हणणं आता थांबवूया

चिनी पौराणिक सिरीयल बघायला लागून मला बरीच वर्षं झाली आणि एक गोष्ट दर वेळी डोक्यात जाते. शेकडो वर्षं डोंगरात साधना केलेला माणूस लढाईत मरतो, त्याचा आत्मा एका मंचासमोर आणतात, यादीतून नाव वाचतात, काहीतरी पद देतात, खाली सबटायटल येतं 'तो देव झाला', आणि त्याचे गुरुबंधू मात्र सुतकी चेहऱ्याने उभे. मग आमच्या ग्रुपवर हमखास प्रश्न येतो की अरे देव झाला ना, चांगलंच झालं की, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

वाईट वाटण्यासारखं हे आहे की त्याला देव, चिनीत शेन, व्हायचंच नव्हतं, त्याला शिएन, म्हणजे साधनेने मरण टाळलेला, व्हायचं होतं. आणि सबटायटल लिहिणाऱ्याने शेनला पण 'देव' आणि शिएनला पण 'देव' लिहून ठेवल्यावर बघणाऱ्याला ते कळणार कसं?

शेनवर फार वेळ घालवत नाही कारण ते आपल्याला ओळखीचं आहे. देऊळ, मूर्ती, उदबत्ती, नवस, जत्रा, अमुक देव जागृत आहे, तमुक आता पूर्वीसारखा पावत नाही, सगळं तसंच. फक्त शेन म्हणजे 'परमेश्वर' असं धरू नका. 19व्या शतकात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं यावरून आपसात जोरात भांडण झालं होतं, बायबलमधल्या देवाला 'शेन' म्हणायचं की 'शांगदी', म्हणजे वरचा अधिपती, आणि ते कधी मिटलंच नाही, आजही चिनी बायबल दोन्ही शब्दांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत छापलं जातं. कॅथलिकांनी तिसराच 'तियेनजू' घेतला, म्हणजे स्वर्गाचा धनी. एकट्या 'शेन' शब्दात विश्वनिर्माता वगैरे काही नाही, त्यात चुलीचा देव येतो, वेशीचा येतो, समुद्राचा येतो, शिवाय माणसातलं चैतन्य आणि बुद्धीला न उमगणारी कुठलीही शक्ती याला पण तोच शब्द.

आता मुद्द्यावर येते, कारण सगळा घोळ इथे आहे. शेन हे बहुतेक वेळा एक पद असतं आणि शिएन ही एक अवस्था. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

पद म्हणजे अगदी सरकारी नोकरीसारखं पद, हद्द, दर्जा, वरिष्ठ, वार्षिक रिपोर्ट सगळं धरून. चुलीचा देव जावचुन दर वर्षी चिनी पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या 23 किंवा 24 तारखेला वर जाऊन घरातल्यांनी वर्षभर काय काय केलं ते सांगतो, म्हणून जायच्या आधी त्याच्या चित्राच्या तोंडाला मध किंवा चिकट गोड लावतात, मग ते कागदी चित्र जाळून त्याला निरोप देतात आणि नव्या वर्षाला नवीन चिकटवतात. गल्लीचा किंवा वस्तीचा देव तुदीगोंग, त्याची हद्द तेवढीच. शहराचा वेगळा, त्याला चंगह्वांग म्हणतात, तट आणि खंदक यांचा देव. मिंग घराण्याचा पहिला सम्राट जू युआनजांग याने 1369 मध्ये या शहरदेवांना चक्क श्रेणी लावून दिल्या, राजधानीच्या देवाला वरची पदवी, खाली खाली येत तालुक्याच्या देवाला लहान पदवी, आणि पुढच्याच वर्षी सगळ्या पदव्या काढूनही घेतल्या. म्हणजे बघा, माणूस असलेला सम्राट देवांना बढती देतो आणि काढून घेतो, आणि कुणाला त्यात विचित्र वाटत नाही. पाऊस नाही पडला तर नागराजाची मूर्ती देवळातून काढून उन्हात ठेवायचे, तापू दे त्याला पण, कळू दे काय होतंय ते. कामचुकार अधिकाऱ्याला जसं वागवाल तसंच.

आणि या पदांवर येतं कोण? मेलेली माणसं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि हेच लोक सोडून देतात. शांघायचा शहरदेव छिन यूबो हा 1373 मध्ये वारलेला खराखुरा माणूस, गोष्ट अशी सांगतात की तो नव्या मिंग दरबारात चाकरी करायला तयार नव्हता, तर सम्राट म्हणाला जिवंतपणी माझा मंत्री होत नाहीस ना, मग मेल्यावर माझी जमीन राख. हांगजोउचा शहरदेव जोउ शिन, त्याला तर सम्राटानेच मृत्युदंड दिला होता, पुढे तो त्याच शहराचा देव झाला. समुद्राची देवी माझू, म्हणजे चीनच्या फूच्येन प्रांतातल्या मेजोउ बेटावरची लिन आडनावाची मुलगी, परंपरेप्रमाणे जन्म 960, मृत्यू 987. 1123 मध्ये कोरियाकडे निघालेलं राजदूताचं जहाज वादळातून वाचलं, श्रेय तिला गेलं आणि दरबाराकडून तिच्या देवळाला नावाची पाटी आली. मग पदवीवर पदवी, कुबलाई खानाच्या काळात 'स्वर्गाची राणी', चिंग घराण्याच्या काळात 'स्वर्गाची सम्राज्ञी'. बाई गेल्यानंतर काही शतकं तिचं प्रमोशन चालू होतं! ग्वान यू तसाच, 220 च्या सुमारास पकडून मारलेला सेनापती, जिवंतपणी सरदारकीची पदवी, सोंग घराण्याच्या काळात वाढत वाढत राजा, आणि 1614 मध्ये मिंग दरबाराने त्याला सम्राट केलं. मुंबईत माझगावला 1919 सालचं जे छोटं चिनी देऊळ आहे ना, सी यिप, तिथे वरच्या मजल्यावर बसलाय तो हाच ग्वान यू, लोकांच्या तोंडी ग्वान गोंग. कधी गेलात तर लक्षात ठेवा, समोर आहे तो शेन, मेलेला आणि नेमलेला.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी की हा मेला का? दुसरी, याला कुणी नेमलं? तिसरी, उदबत्ती बंद झाली तर याचं काय होईल? शेनचा सगळा जोर लोकांच्या धूपावर असतो, नवीन देऊळ काढायचं तर जुन्या देवळातल्या धूपाची राख नेतात, आणि जिथे कुणी फिरकत नाही तो देव हळूहळू विसरला जातो.

शिएनला यातलं काही लागू नाही. शिएनच्या चिनी अक्षराच्या एका बाजूला माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, शेनच्या अक्षरात मात्र एका बाजूला पूजेच्या वेदीची खूण आहे. मला वाटतं एवढी एक गोष्ट सांगितली तरी अर्धं काम होतं. शिएन म्हणजे ज्याने श्वास, आहार, औषधी, ध्यान यांनी स्वतःचं शरीरच बदलून टाकलं आणि मरण टाळलं. कुणी नेमत नाही, देऊळ असो नसो, त्याला फरक पडत नाही. चौथ्या शतकात दाओवादी लेखक गे होंगने यांचे तीन प्रकार सांगितले, सगळ्यात वरचे देहासकट आकाशात जातात, मधले नावाजलेल्या डोंगरांतून फिरत राहतात, आणि तिसरे वरवर मेल्यासारखे दिसतात पण खरं म्हणजे कात टाकल्यासारखा देह टाकून निघून गेलेले असतात. शेवटचा प्रकार बघितलात? मरण आलंच तर तेसुद्धा दिखाव्याचं असायला हवं, इतका या लोकांचा मरणाला विरोध.

गे होंगच्याच लिखाणात माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, पांढरे दगड शिजवून खाणारा एक म्हातारा, बायशी. त्याला कुणीतरी विचारतं की तू वर जाण्याचं औषध का घेत नाहीस, तर तो म्हणतो वर मोठे मोठे साहेब फार आहेत, त्यांची सेवा करत बसायचं म्हणजे इथल्यापेक्षा जास्त त्रास. तिथेच अशांचाही उल्लेख येतो जे औषधाचा अर्धाच डोस घेऊन ठेवतात, म्हणजे मरण येणार नाही पण वर हजेरी पण लावावी लागणार नाही, आणि उरलेला अर्धा डोस वाटेल तेव्हा घेता येईल. यापेक्षा स्पष्ट फरक मी कुठे वाचलेला नाही. शेनला नोकरी असते, शिएनला नोकरी नको असते.

राजांना मात्र दोन्ही हवं असायचं, गादीही आणि मरण टाळणंही. चीनचा पहिला सम्राट छिन शहुआंग याने इ.स.पू. 219 मध्ये शू फू नावाच्या माणसाला पूर्वेच्या समुद्रात शिएनांची बेटं शोधायला पाठवलं, तो शेवटी परत आलाच नाही. तांग घराण्यातल्या एकापेक्षा जास्त सम्राटांनी पारा आणि हिंगूळ घातलेली औषधं घेतली, 846 मध्ये वूझोंग त्यानेच गेला असं मानतात. देव व्हायला त्यांना असलं काही खावं लागलं नसतं, ते तर मेल्यावर कुणीही करून दिलं असतं.

आता परत त्या मंचाकडे. तो सीन मिंग काळातल्या 'फंगशेन यान्यी' कादंबरीवरून आलाय, नावाचा अर्थच देवपदं देण्याची गोष्ट. त्यात 365 शेनांची यादी आहे आणि नियम सरळ सांगितलाय, ज्याची साधना खोल तो शिएन होईल, त्याच्यापेक्षा कमी तो शेन, आणि अगदीच उथळ तो माणूस म्हणून जन्मेल. म्हणजे या गोष्टीत शेन होणं हा दुसरा नंबर आहे, आणि यादीत नाव लागायला आधी मरावं लागतं. वन जोंगसारखा तगडा साधक मरतो आणि वीज-गडगडाटाच्या खात्याचा प्रमुख होतो, केवढं मोठं पद, पण त्याच्यासारख्याच्या दृष्टीने ही हार आहे. उलट त्याच कादंबरीतला नेझा, जो आता सिनेमामुळे सगळ्यांना माहितीये, त्याचं नाव त्या यादीत नाहीये, कारण तो आणि आणखी सहा जण देह शाबूत ठेवून डोंगरात परत जातात. सबटायटलवाले इथे पण 'देव' लिहितात. अहो, नाही झाला तो देव, हीच तर त्याची जीत आहे!

'पश्चिमेचा प्रवास' या दुसऱ्या जुन्या चिनी कादंबरीतल्या सुन वूखोंग या माकडाचं पण तेच. त्याच्यावरच्या व्हिडिओ गेममुळे हल्ली सगळे त्याच्यावर लिहितात आणि 'त्याला देव व्हायचं होतं' असं ठोकून देतात. त्याने साधना करून शिएनपण कधीच मिळवलेलं असतं, मरणाच्या वहीतून स्वतःचं नावही खोडून आलेला असतो. वर त्याला मिळत नाही ते पद. घोड्यांच्या तबेल्यावर नेमतात, आणि हे पद श्रेणीतच बसत नाही इतकं खालचं आहे हे कळल्यावर तो भडकून निघून येतो. सगळं रामायण त्या पदावरून आहे.

बाकी फरक किरकोळ आहेत. शेन शक्यतो दरबारी टोपी घालून खुर्चीत बसलेला, शिएन ढगळ कपड्यात, हातात दुधी भोपळ्याचं तुंबं, गाढवावर उलटा बसलेला वगैरे. सुंदर, हलकं, या जगातलं न वाटणारं काहीही असेल तर शिएन म्हणतात, कवी ली बाय 'स्वर्गातून हाकललेला शिएन', निवडुंग म्हणजे 'शिएनाचा तळहात'.

आता कुणी म्हणेल की चिनी लोक स्वतःच 'शेनशिएन' असा जोडशब्द वापरतात की, आणि प्रसिद्ध आठ शिएनांपैकी ल्यू दोंगबिनची देवळं आहेत, हाँगकाँगच्या वोंग ताय सिन देवळात तर लोक रांगा लावून भविष्याच्या काड्या हलवतात आणि वोंग ताय सिन हा दगडांच्या मेंढ्या करणारा शिएन आहे. बरोबर आहे. शिएन लोकांना पावायला लागला की लोक त्याला देऊळ बांधणारच, मग दरबार पदवी देणार, मग तो शेनचं कामही करायला लागतो. एकाच माणसाकडे कॉलेजची डिग्री आणि नोकरी दोन्ही असू शकतं, म्हणून डिग्री म्हणजेच नोकरी होत नाही.

आणि भाषांतराला शब्द नाहीत असं कृपा करून सांगू नका. संस्कृत ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. त्यांनी आपल्या 'देव'साठी साधारणपणे शेन घेतलाच नाही, 'तियेन' म्हणजे स्वर्ग हा शब्द घेतला, इंद्र, ब्रह्मा, सरस्वती, लक्ष्मी सगळ्यांच्या चिनी नावात शेवटी तियेन आहे. आणि 'ऋषी'साठी घेतला शिएन, सारनाथच्या ऋषिपतनाचं चिनी नाव 'शिएन उतरले ती जागा' असंच काहीसं होतं. म्हणजे आपल्या माणसाला शिएन कळायला ऋषी आणि सिद्ध हे शब्द घरातच आहेत. 'अमर' मला नाही आवडत, तो मरत नाही एवढंच त्यातून कळतं, त्यासाठी त्याने काय केलं ते कळत नाही. मी सिद्ध वापरते. शेनला देव म्हणा, माझी काही तक्रार नाही, फक्त तो शब्द तिथेच ठेवा. मग त्या सीनखाली मराठीत सरळ लिहिता येतं: सिद्ध व्हायला निघाला होता, मारून देव केला.