पद आधी, शिक्षण मागाहून: इन्चार्ज सिस्टरच्या नेतृत्वाची पार्श्वभूमी

चांगली परिचारिका वॉर्डाची इन्चार्ज झाली की तिचं कामच बदलतं. कालपर्यंत रुग्ण सांभाळणारी ती आता ड्यूट्या लावते, रजा अडवते, सहकाऱ्यांचे तंटे सोडवते आणि प्रसंगी डॉक्टरांना नकार देते. यातलं बरंचसं तिला कुणी शिकवलेलं नसतं. बढती मिळते ती रुग्णसेवेतल्या कौशल्यावर, आणि कस लागतो माणसं सांभाळण्यात. ही विसंगती फार जुनी आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. माझ्या मते तिची खरी करामत कारभारात होती. १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, तेव्हा तिथली धुलाई, स्वयंपाक, सामानाचा पुरवठा हे सगळं तिने हाती घेतलं. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये किरकोळ व्यवस्थापनावर तिने एक वेगळं प्रकरणच लिहिलं. आपण हजर असताना जे होतं, ते आपल्या पाठीमागेही होईल अशी घडी बसवावी, हे त्याचं सार. सगळं स्वतःच करत राहणाऱ्या इन्चार्जला आजही हेच सांगावं लागतं.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाची शाळा निघाली. इथल्या मुलींनी पुढे इतर रुग्णालयांत जाऊन सूत्रं हाती घ्यावीत, अशी अपेक्षा होती. ल्यूसी ऑस्बर्न १८६८ मध्ये पाच परिचारिकांसह सिडनीला गेली आणि अधिकार नेमका कुणाचा, या वादात सापडली. परिचारिका मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, हुकमतीत की डॉक्टरांच्या? प्रकरण १८७३ मध्ये सरकारी चौकशी आयोगापर्यंत गेलं. आयोगाचा कौल बहुतांशी तिच्या बाजूने पडला.

कारभाराचं रीतसर शिक्षण मात्र मागाहूनच आलं. अमेरिकेत प्रशिक्षणशाळांच्या अधीक्षिकांनी १८९३ मध्ये संघटना उभारली. तिच्याच खटपटीतून १८९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये अनुभवी परिचारिकांसाठी रुग्णालयाच्या अर्थव्यवहाराचा अभ्यासक्रम सुरू झाला.

पुढचा पेच वेगळाच निघाला. ब्रिटनमध्ये १९६६ च्या सॅल्मन अहवालाने परिचारिकांसाठी उद्योगधंद्यांच्या धर्तीवर व्यवस्थापनाची उतरंड सुचवली: खाली वॉर्ड सिस्टर, मध्ये नर्सिंग ऑफिसर, वर मुख्य अधिकारी. जुनी मेट्रन त्यात विरून गेली. व्यवस्थापनाला मान मिळाला हे खरं, पण वर चढायचं तर रुग्णापासून दूर जायचं, असं समीकरण पक्कं झालं. त्यावर १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालाने सर्वसाधारण व्यवस्थापक आणले आणि परिचारिकांच्या हातची बरीचशी सत्ता त्यांच्याकडे गेली. एवढं झाल्यावर २००१ मध्ये ‘मॉडर्न मेट्रन’ या नावाने तेच पद परत आणण्याचा निर्णय झाला! सरकारी कारभाराची ही खासियतच म्हणायची.

त्याच १९८३ मध्ये अमेरिकेतून एक उपयोगी अभ्यास बाहेर आला. परिचारिकांचा तुटवडा होता, रुग्णालयांतून त्या सोडून जात होत्या; पण काही ठिकाणी टिकत होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने १६३ रुग्णालयं पाहिली आणि त्यांतली ४१ ‘मॅग्नेट’ म्हणजे परिचारिकांना चुंबकासारखी धरून ठेवणारी म्हणून निवडली. तिथे वरिष्ठ परिचारिका सहज भेटत, ऐकून घेत, आणि निर्णयांत खालच्यांना वाटा देत. पुढे याच धाग्यावर मॅग्नेट मानांकन उभं राहिलं. १९९४ मध्ये पहिलं मानांकन वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. नेतृत्व म्हणजे केवळ स्वभावाचा भाग, हा समज यानंतर टिकणं अवघड होतं.

इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयातल्या हेळसांडीवर २०१३ मध्ये फ्रान्सिस अहवाल आला. त्याची एक शिफारस अशी, की वॉर्ड मॅनेजरने, म्हणजे आपल्याकडच्या इन्चार्जने, देखरेखीच्या भूमिकेत राहावं, कार्यालयात अडकून पडू नये, आणि वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाच्या शुश्रूषेची आखणी तिला ठाऊक असावी. पण कागदपत्रं आणि बैठकांचं ओझं कुणी उचलायचं, हा प्रश्न उरतोच. तिला ड्यूटीतल्या परिचारिकांच्या संख्येत धरलं, तर देखरेखीला वेळच राहत नाही. म्हणून इन्चार्जच्या प्रशिक्षणाचा विचार करताना तिच्या पाळीत देखरेखीसाठी किती तास मोकळे ठेवले आहेत, हे आधी पाहावं लागतं.