बेढब गाडी घ्यावी का? : जुनी चारचाकी घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या जळगावच्या आवारात एकाच घरातील माणसे एकाच गाडीपुढे उभी राहून दोन मते मांडताना नेहमी दिसतात. थोरल्यांना गाडी पटलेली असते आणि मुले किंवा पुतणे 'हे डबडे दारात उभे करायचे का?' म्हणून नाक मुरडतात. जुन्या गाडीच्या भावात तिच्या दिसण्याचा वाटा मोठा असल्यामुळे हा वाद आवारात येण्यापूर्वी घरीच मिटलेला बरा, म्हणून हे पत्रक काढले आहे. आमचे मत आधीच सांगून ठेवतो. गाडीला तो आकार ज्या कारणाने आला, ते कारण आपल्या कामाचे असेल तर तिच्या रूपाकडे खुशाल काणाडोळा करावा; ते कारण आपल्या कामाचे नसेल, तर कोणी 'प्रॅक्टिकल आहे' म्हणाले एवढ्यावर नावडती गाडी गळ्यात बांधून घेऊ नये.

बेढब म्हणून जगभर गाजलेल्या गाड्या पाहिल्या तर हे लगेच ध्यानात येते. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने 1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात 'टू सीव्ही' मांडली, तेव्हा लोकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. पण तिच्या आराखड्यामागची अटच अशी होती की शेतकरी आणि त्याचे 50 किलो बटाटे घेऊन ती नांगरटीतून जावी आणि आत ठेवलेल्या टोपलीतले एकही अंडे फुटू नये. ही गाडी 1990 पर्यंत बनत होती. अशी अट घालणारा माणूस रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून हिंडला असता, तर त्याने बटाट्यांऐवजी घड म्हटले असते, एवढाच फरक. फियाटची 1998 सालची 'मल्टिप्ला' काचेखालच्या वळकटीमुळे आजही कुरूप गाड्यांच्या यादीत वर असते. मात्र जेमतेम 4 मीटर लांबीत पुढे तीन आणि मागे तीन अशी सहा माणसे तिच्यात ऐसपैस बसत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 1999 मध्ये ती प्रदर्शनात ठेवली आणि कंपनीने मात्र 2004 मध्ये तिचे तोंड बदलून साधे केले. जाणकारांची वाहवा आणि गिऱ्हाइकाची पसंती यांत असे अंतर राहते.

आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण उंच, अरुंद गाड्यांचे आहे. 1998 मध्ये सँट्रो आणि 1999 च्या अखेरीस वॅगन आर आली, तेव्हा चपट्या, उतरत्या गाड्यांना सरावलेल्या डोळ्यांना त्या उभ्या खोक्यासारख्या वाटल्या. त्या उंचीचा उपयोग पाहायचा असेल तर गुडघेदुखी असलेल्या आजींना गाडीत बसताना पाहावे. बुटक्या सेडानमध्ये, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीत, बसताना आधी वाकावे लागते, मग दाराची कड धरून सीटवर जवळजवळ आदळावे लागते आणि उतरताना कोणीतरी हात देऊन उपसून काढावे लागते. वॅगन आरची सीट उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडीच खाली येते. आजी पाठमोऱ्या होऊन टेकतात, पदर सावरतात आणि पाय आत घेतात. लग्नसराईत दिवसातून चारदा चढ-उतार करणाऱ्या माणसाला हा फरक कोणत्याही रंगापेक्षा आणि क्रोमच्या पट्टीपेक्षा मोलाचा असतो.

जुन्या डिझायरची निवड करणाऱ्यांनी पुढील मजकूर विशेष लक्ष देऊन वाचावा. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 4 मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले गेले आणि त्यानंतर सेडानच्या शेपट्या कापल्या जाऊ लागल्या. 2008 ची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती. स्विफ्टच्या पाठीला डिकी चिकटवल्यासारखी ती दिसे आणि तिला नावे ठेवणारे पुष्कळ होते, पण तिच्या डिकीत 440 लिटर जागा होती. 2012 ची दुसरी डिझायर करासाठी 3995 मिलिमीटरमध्ये बसवली, तेव्हा डिकी 316 लिटरवर आली आणि मागचा भागही सुरीने कापल्यासारखा झाला, म्हणजे रूपही गेले आणि जागाही गेली. 2017 ची तिसरी डिझायर मुळात सेडान म्हणूनच आखलेली असल्यामुळे दिसायला सर्वांत नेटकी आहे आणि तिची डिकी 378 लिटरची आहे. सामानासाठी गाडी हवी असेल तर यांतली मधली आम्ही सुचवत नाही. पहिली सुचवताना एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे : नोंदणीला 15 वर्षे झाली की पासिंग नव्याने करावे लागते आणि त्यापुढे दर 5 वर्षांनी, तेव्हा आरसीवरील तारीख पाहिल्याशिवाय भाव बोलू नये.

लिटरचा आकडाही अर्धवटच माहिती देतो, कारण डिकी आतून मोठी असली तरी तिचे तोंड लहान असू शकते. 2007 मध्ये आलेल्या लोगन या सेडानची डिकी 510 लिटरची होती, परंतु सेडानच्या कोणत्याही डिकीत ठिबकच्या नळीचे गोल बंडल आडवे सरकवताना वरची कड आडवी येते. तेच बंडल मागून सरळसोट उघडणाऱ्या चौकोनी गाडीत, मागची सीट पाडली की, उभेच्या उभे जाते. ज्यांचे शेत आणि घर यांत रोजचे येणे-जाणे आहे, त्यांनी उतरत्या काचेच्या देखण्या हॅचबॅकपेक्षा चौकोनी पाठीची गाडी पाहावी.

बोलेरोविषयी वेगळे काय सांगावे? 2000 सालापासून तिला 'पेटी' म्हणून हिणवणारे आहेत आणि आमच्याकडे तिचीच चौकशी सर्वांत जास्त होते. शिडीसारख्या चौकटीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी काळ्या मातीच्या चिखलवाटेवर आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर तगते, आणि तिचे पत्रे सपाट असल्यामुळे गावातला डेंटर पोचा सहज काढून देतो. हायवेवर मात्र ती आवाज करते आणि मागच्या आडव्या सीटवर बसून नाशिकला जाणारा पाहुणा पुन्हा येईल याची आम्ही हमी देत नाही.

देखणेपणाचा खर्चही हिशेबात धरावा. मोठी अलॉय चाके आणि त्यांवरचे बारीक काठाचे टायर शोरूममध्ये उठून दिसतात, पण खड्ड्यात आपटल्यावर टायर फुगतो किंवा चाकाची कड वाकते. काळा रंग आणि छतभर काच घेण्यापूर्वी जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो हे आठवावे. त्या दुपारी एसी गाडी गार करेपर्यंत गाव आलेले असते.

तरीही उपयुक्ततेच्या नावाखाली सर्व काही खपवून घेऊ नये. ओम्नीइतकी सामान गिळणारी गाडी त्या भावात मिळत नसे, परंतु तिच्यात चालक अगदी पुढच्या पत्र्याला लागून बसतो आणि धडकेचा मार सोसायला पुढे बोनेटच नाही. अपघात-चाचणीचे नियम कडक झाल्यावर 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेच्या 2014 च्या चाचणीत नॅनोलाही शून्य तारे मिळाले होते, आणि त्याच फेरीत तिच्याहून देखण्या मानल्या जाणाऱ्या फिगो आणि आय-टेन यांच्या एअरबॅग नसलेल्या गाड्यांनाही शून्यच मिळाले. घरच्यांना बसवण्यासाठी गाडी घेताना एअरबॅग आहेत की नाहीत, हे रूप आणि डिकी या दोहोंच्या आधी पाहावे.

भावाविषयी एक व्यवहारी सूचना. दिसायला बेढब म्हणून स्वस्तात मिळालेली गाडी विकताना त्याच कारणाने स्वस्तात जाते. वॅगन आर आणि बोलेरो हे याला ठळक अपवाद आहेत. म्हणून सात-आठ वर्षे वापरायची असेल तरच लोकांनी नाकारलेले मॉडेल घ्यावे. दोन वर्षांत बदलण्याचा विचार असल्यास चारचौघांना आवडेल तेच घेणे शहाणपणाचे आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. रोज एकटेच कार्यालयात जाणाऱ्या माणसाने आवडत्या रूपाची गाडी घेतली, तर आम्ही त्याला सहा सीटचे महत्त्व समजावत बसत नाही.

गाडी पाहायला येताना घरातील वयस्कर व्यक्तीला आणि नेहमी न्यावे लागणारे अवजड सामान सोबत आणावे. बसून, भरून आणि सामानासकट चालवून पाहण्यास आमची हरकत नाही. टेप आमच्याकडे आहे, मात्र आपल्या वाड्याच्या फाटकाची रुंदी आपणच मोजून आणावी.